कागदाच्या आधीच्या कबरी

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटन शहराच्या ईशान्येला लॅमाँट काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखा भाग, लागते. गव्हाची आणि कनोलाची सपाट शेतं, आणि मध्येच एखादा घुमट. या एका काउंटीत चाळीसहून जास्त चर्च आहेत, त्यातली कितीतरी युक्रेनियन वसाहतकऱ्यांनी उभारलेली. मी अल्बर्टात जमीन मोजणीचं काम करतो. त्या भागातल्या एका चर्चच्या जागेची मोजणी आमच्याकडे आली, तेव्हा काम साधंच दिसत होतं. भाविक शहरात गेलेले, प्रार्थना आता वर्षातून एकदाच, चर्चच्या सणाला. त्यामुळे चर्च आणि दफनभूमी यांचे उतारे वेगळे करायचे, म्हणजे पुढे इमारतीचं काहीही झालं तरी कबरी सुरक्षित राहतील. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यात शेजाऱ्याच्या जमिनीचा प्रश्न आहे.

जुन्या दस्तातली मापं साखळीत होती. इथली साखळी ६६ फुटांची. माझे वडील साताऱ्याकडे भूकरमापक होते, त्यांची शंकू साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची म्हणजे सोळा भागांची. तिच्या चौरसाचा एक गुंठा. म्हणजे इथल्या साखळीच्या बरोबर अर्धी. ते आकडे वाचताना मला परक्या देशात असल्यासारखं वाटलं नाही.

सरकारी मोजणीचा लोखंडी खुंटा कोपऱ्यावर जमिनीखाली मिळाला. तिथून मोजत आलो तर कुंपण दस्ताप्रमाणे अगदी चोख निघालं. दुपारपर्यंत काम आटोपणार होतं.

तेवढ्यात चर्चचं दप्तर सांभाळणाऱ्या आजी आल्या. वय ऐंशीच्या पुढे. नकाशावर नजर टाकून त्यांनी विचारलं, उत्तरेकडची मुलं यात कुठे आहेत?

उत्तरेला कुंपण होतं आणि पलीकडे शेजाऱ्याचं शेत. त्या मला फाटकातून बाहेर घेऊन गेल्या. कुंपणाला लागून गवताची एक पट्टी होती, तिला नांगर लागलेला नव्हता. दगड नाही, क्रूस नाही. ईस्टरनंतर प्रोव्होदी असतात. त्या दिवशी पाद्री एकेका कबरीपाशी जाऊन आशीर्वाद देतात आणि शहरातली कुटुंबं पाव, अंडी, जेवण घेऊन येतात. आजी म्हणाल्या, लहानपणापासून बघतेय, मिरवणूक फाटकाबाहेर येते, या पट्टीवरून फिरते आणि परत आत जाते. कुणाचं नाव घेत नाहीत. नावं माहीत असणारे गेले. वाट तेवढी राहिली.

कबरी हद्दीबाहेर कशा? याचं उत्तर मला दस्ताच्या तारखेत सापडलं, आणि त्यासाठी या लोकांचा इतिहास माहीत असावा लागतो.

१८९१ मध्ये गॅलिसियातल्या, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या, नेबिलिव गावचे इवान पिलिपिव आणि वासिल एलेनियाक कॅनडात आले. त्यांच्या सांगण्यावरून एडमंटनच्या पूर्वेला एडना-स्टारची वस्ती सुरू झाली. पहिल्या महायुद्धापर्यंत सुमारे १,७०,००० युक्रेनियन इथे आले. १० डॉलर भरले की १६० एकर मिळत, पण ती नावावर व्हायला तीन वर्षं राहून जमीन फोडावी लागे. तोवर शेतकरी कसत असला तरी मालक सरकारच. मग चर्चला तुकडा दान कसा करणार? जी स्वतःची झालेली नाही ती जमीन देता येत नाही. पण पहिले हिवाळे लोक जमिनीत खणलेल्या बुर्देईत काढत होते, डॉक्टर जवळ नव्हता, आणि मुलं जात होती. त्यांना कुठेतरी पुरावंच लागलं. दान नोंदलं गेलं नंतर, आणि कुंपण घातलं ते कागदावरच्या साखळ्या मोजून. आधीच्या काही कबरी त्या साखळ्यांच्या बाहेर राहिल्या. हा माझा निष्कर्ष आहे, पण तारखा जुळतात.

पाद्रीही नव्हते. गॅलिसियातले लोक बहुतेक ग्रीक कॅथलिक, म्हणजे विधी ऑर्थोडॉक्स पद्धतीचे पण पोपला मानणारे. त्यांचे बहुतेक पाद्री विवाहित, आणि रोमने विवाहितांना उत्तर अमेरिकेत मनाई केलेली. लोकांनी ओंडके तासून, चिकणमाती आणि पेंढा थापून चर्च आधी उभी केली आणि पाद्र्याची वाट बघत बसले. १८९७ मध्ये स्टारच्या वस्तीत नेस्टर दमित्रिव हे ग्रीक कॅथलिक पाद्री येऊन गेले, आणि त्याच वर्षी पोपला न मानणारे रशियन ऑर्थोडॉक्स धर्मप्रचारकही आले. गाव दुभंगलं. चर्च कुणाचं यावरून खटला उभा राहिला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०६ मध्ये कॅथलिकांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातल्या शेवटच्या अपिलाच्या न्यायपीठाने, तो फिरवून ऑर्थोडॉक्सांना चर्च दिलं. टिळकांचं ताईमहाराज प्रकरण ज्या न्यायपीठाने १९१५ मध्ये संपवलं, तेच हे. दोन्हीकडे गरीब शेतकरी, एकाच मुलखातून आलेले, एकाच चर्चसाठी राबलेले. तो खटला मी पहिल्यांदा वाचला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. चर्चच्या जमिनीच्या दस्तातला प्रत्येक शब्द मी तेव्हापासून दोनदा वाचतो.

आजींच्या सांगण्यावर नकाशात कबरी दाखवता येत नाहीत, पुरावा लागतो. आम्ही जमिनीत लहरी सोडणारं रडार आणलं. चिकणमातीत या लहरी खोल जात नाहीत, त्यामुळे मला फारशी आशा नव्हती. हाडं त्यात दिसत नाहीत. दिसते ती कधीकाळी खणून पुन्हा भरलेली माती. पट्टीवर तसे आखूड चट्टे उमटले, सगळे पूर्व-पश्चिम पडलेले, एका ओळीत. आखूड म्हणजे मुलांचेच. मी आजींना पडद्यावर दाखवले. त्यांनी क्रूसाची खूण केली आणि पुढचा चट्टा दाखवायला सांगितलं.

शेजारी शेतकऱ्याशी बोलायचं काम माझ्या वाट्याला आलं. त्याचं घराणं या पंथाचंही नाही. अल्बर्टात नोंदणीचा उतारा हाच मालकीचा पुरावा असतो आणि ती पट्टी निःसंशय त्याची होती. तो म्हणाला, वडिलांनी तिथे नांगर घालू नको म्हणून सांगितलं होतं, का ते त्यांनाही धड माहीत नव्हतं. पट्टी द्यायला तो तयार झाला. किंमत घेणार नाही, मोजणीचा खर्च चर्चने करावा, एवढंच त्याचं म्हणणं.

मी पट्टी १० मीटर रुंद आखली, रडारवरच्या शेवटच्या चट्ट्याच्या पुढे थोडी जागा सोडून. नकाशा काउंटीकडे मंजुरीला गेला आहे. त्यात कबरी तुटक रेषांनी दाखवल्या आहेत. आजींनी विचारलं की तिथे नावं घालता येतील का. नोंदणीच्या नकाशात नावं चालत नाहीत, म्हणून त्यांनी चर्चच्या जुन्या मृत्यू-नोंदींची वही काढली आहे. सुरुवातीच्या पानांवर पाद्र्याची सही नाही, गावातल्या लिहिता येणाऱ्या कुणीतरी नोंदी केल्या आहेत. वय, महिना, बापाचं नाव. त्यातली मुलं त्या आता वेगळ्या कागदावर उतरवून घेत आहेत.