मांडणीची नोंद, सहावा आठवडा: पाऊण इंची प्लाय आणि एक मिलिमीटर

पुस्तकांच्या मांडणीच्या पाचही फळ्या आज खाचांत घट्ट बसल्या. गेल्या रविवारी याच फळ्या खुळखुळत होत्या. घोळ मापाचा होता, म्हणून सविस्तर लिहितोय.

आराखडा अमेरिकी आहे. उंची ६० इंच, रुंदी ३६, फळ्या 'एक बाय बारा'. तिकडे हे नुसतं नाव; वाळवून, रंधा मारून हातात येते ती फळी पाऊण इंच जाड आणि सव्वाअकरा इंच रुंद असते. 'टू बाय फोर'सुद्धा प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन. एवढं मला माहीत होतं. म्हणून जाडी पाऊण इंच धरली, राउटरला, म्हणजे खाचा पाडायच्या यंत्राला, पाऊण इंची बिट (फिरणारं पातं) लावलं आणि एका दुपारीत खाचा पाडून मोकळा झालो.

प्लाय इथलाच, लातूरचा. दुकानात 'पाऊण इंची' म्हणून मागितला, 'पाऊण इंची' म्हणूनच मिळाला, बिलावर मात्र १८ एमएम. खरा पाऊण इंच १९.०५ मिमी भरतो. फळी खाचेत घातली, टोकाला बोट लावलं, तर ती चक्क डुलायला लागली. व्हर्नियर (मिलिमीटरचा दहावा भागही दाखवणारी मोजपट्टी) लावून पाहिलं: एका कोपऱ्यात १७.७, दुसऱ्यात १७.९. 'अर्धा इंची' प्लायचंही असंच, येतो १२ मिमी आणि खरा अर्धा इंच १२.७.

गल्लीत एक जुने मिस्त्री आहेत, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. त्यांचं सगळं गणित सुतात. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिमी. त्यांनी फळीची कड अंगठा आणि तर्जनीत धरली, दोनदा चाचपली आणि म्हणाले, "सर, खाच सहा सुताची पाडलीत, माल पावणेसहाबी भरंना की वो." पावणेसहा सूत म्हणजे १८.२६ मिमी. टेप न लावता, नुसत्या चिमटीनं! मी बराच वेळ त्यांच्या हाताकडेच बघत राहिलो. उपायही त्यांनीच सांगितला: फळीच्या खालच्या बाजूला एक एमएमचा मायका चिकटवा. मायका दिसत नाही, पॉलिश वरच्या बाजूला, आणि फळी लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्यानं आत जाते.

चौथ्या आठवड्यात तोंडी हिशोब करताना इंचाला २५ मिमी धरले होते. इंचामागे ०.४ मिमी सुटतात. चार-सहा इंचांत ते जाणवत नाही, पण ६० इंचांच्या उभ्या बाजूला १५२४ ऐवजी १५०० निघाले, म्हणजे २४ मिमी कमी. नशिबानं कापण्याआधी टेप उलटून पाहिला. शेतीच्या मापातही हेच होतं. सातबारा हेक्टर-आरमध्ये, बोलणं मात्र एकर-गुंठ्यात. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे गुंठा, तो १०१.१७ चौरस मीटर. आर १०० चौरस मीटर. म्हणून सगळेजण गुंठा म्हणजे आर धरून चालतात. एका गुंठ्याला ते खपतं, पण पाच एकराला, म्हणजे २०० गुंठ्यांना, सव्वादोन आरांहून जास्त फरक पडतो आणि बांधावर तेवढी जागा थोडी नसते.

तोंडी हिशोबाला आता मी पाचाचा पाढा वापरतो: ५ इंच म्हणजे बरोबर १२७ मिमी, मागे काहीच उरत नाही. १९५९ साली इंच नेमका २५.४ मिमी ठरला, त्याआधी इंग्रजांचा आणि अमेरिकेचा इंच केसभर वेगळा होता. इंची लीडस्क्रूच्या (हत्यार पुढे सरकवणाऱ्या आटेदार दांड्याच्या) लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायला १२७ दातांचं गिअर लावतात, तेही याचमुळे.

एक गोष्ट मनावर घ्याच. राउटरचं पाव इंची कॉलेट, म्हणजे बिटाचा दांडा पकडणारी चिमट, ६.३५ मिमीचं असतं. त्यात ६ मिमी दांड्याचं बिट घालून आवळलं की पक्कं बसल्यासारखं वाटतं, पण फिरताना ते सरकतं किंवा निसटतं. बिट घेताना दांडा व्हर्नियरनं मोजा, दुकानदाराच्या तोंडी मापावर जाऊ नका.

पुढच्या कामासाठी पद्धत बदलली आहे. आराखडा सुरुवातीलाच एकदा मिलिमीटरमध्ये उतरवायचा, पूर्ण आकड्यांत, आणि मग टेपच्या इंची बाजूकडे पाहायचंच नाही. जाडीचा रकाना मात्र कोरा; माल घरी आला, चारही कोपरे मोजले की तो भरायचा.

कालच ड्रॉवरसाठी 'अठरा इंची' टेलिस्कोपिक चॅनल आणले. अठरा इंच म्हणजे ४५७.२. मोजले तर ४५० भरले. वहीत ४५० लिहिलंय, खोके त्याच मापानं कापणार.