काळे ससे आणि कडू औषध

पिनोकिओ म्हटलं की आपल्याकडे नाक वाढणारा लाकडी पोरगा एवढंच माहीत असतं. कार्लो कोलोडीची मूळ कादंबरी वाचा, १८८३ ची. उपदेश करणाऱ्या बोलक्या रातकिड्याला हा चौथ्याच प्रकरणात हातोडा फेकून मारतो, मेलाच तो. पुढे याला झाडाला फाशी देतात, आणि मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः छापून येत होती तेव्हा कोलोडीने गोष्ट तिथेच संपवलेली, वाचक मागे लागले म्हणून पुढची लिहिली.

सतराव्या प्रकरणावर तर माझा फार जीव आहे. ताप चढलाय, परी कडू औषध देतेय, हा आधी साखर खातो, परत साखर मागतो, मग म्हणे पायाजवळची उशी टोचते, मग म्हणे दार अर्धवट उघडंय, आपली पोरं करतात तेच सगळं नाटक, आणि तेवढ्यात चार काळेकुळकुळीत ससे तिरडी घेऊन आत येतात. हा म्हणतो मी अजून मेलो नाही. ते म्हणतात, नाही ना, पण औषध घेत नाहीस तर मरशीलच थोड्या वेळात. गटकन पितो मग! आणि ससे फुकट फेरी झाली म्हणून कुरकुरत परत जातात.

आखाजीला बहीण पोरं घेऊन धुळ्याला आली होती, भर दुपारी कूलरसमोर बसून हे सांगितलं. ससे आले तशी धाकटी मला चिकटली, ससे कुरकुरले तशी खदखदून हसली, पण हात काही सोडला नाही, आणि लगेच "मंग काय जायं?"

मला हेच फार आवडतं, भीती आणि हसू एकाच वाक्यात. आपली भोपळ्यातली म्हातारी तरी काय करते, लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन जाडजूड होते मग मला खा, असं वाघाला स्वतःच सांगते! हल्ली मोबाईलवर वाघाला एकदम शहाणा करून टाकतात ते मला अजिबात पटत नाही, वाघ खाणारा नसेल तर टुणूक टुणूकला मजा कसली.

कोलोडी मधेमधे उपदेश फार करतो, ते मी सरळ गाळते. पण पिनोकिओचं गाढव होतं, ढोलाला कातडं पाहिजे म्हणून विकत घेणारा त्याला समुद्रात बुडवतो, मासे गाढवाचं मांस खाऊन टाकतात आणि आतून लाकडी पोरगा बाहेर येतो, तर तो माणूस म्हणतो ठीक आहे, जळण म्हणून विकतो तुला! हे दिवाळीत सांगणार, काहीही न कापता.