कप तापत नाही, मग सिरॅमिक कसं भाजतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भांडुपच्या आमच्या सोसायटीतल्या हळदीकुंकवापासून अंधेरी एमआयडीसीतल्या कारखानदारांपर्यंत प्रश्न एकच: मायक्रोवेव्हमध्ये चहा उकळतो, कप जेमतेम कोमट होतो, मग त्यात सिरॅमिक कसं भाजता? आणि लगेच, ‘साधी भट्टी काय वाईट?’

कपाचं बरोबर आहे. अॅल्युमिना, झिर्कोनिया ही सिरॅमिकं थंड असताना मायक्रोवेव्हच्या २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी फारशा शोषत नाहीत. म्हणून भोवती लहरी थंड असतानाही शोषणारं सिलिकॉन कार्बाइड ठेवतो. ते आधी तापतं, सॅम्पलला काहीशे अंशांपर्यंत नेतं आणि तिथून झिर्कोनिया स्वतःच लहरी खायला लागतं. जितकं तापेल तितकं जास्त खातं.

त्या दिवशीही खाल्लं. एक कारखानदार झिर्कोनियाची जाड चकती घेऊन आले होते. भट्टीत तिला तापवण्या-निववण्यात अख्खा दिवस जायचा. मी दुपारपर्यंत देते म्हटलं होतं. पायरोमीटर (लांबून तापमान मोजणारं यंत्र) ११०० अंशांच्या आसपास होता. पॉवर न वाढवताच आकडा चढायला लागला. मी पॉवर उतरवली, तोवर आतून ‘टक्’ झालं. ते खुर्चीतून उठले, मी नाही उठले. निवल्यावर दार उघडलं तर तीन तुकडे. कडा खडूसारखी, गाभा मात्र टणक, पक्का भाजलेला. झिर्कोनिया भाजताना लांबीत साधारण २० टक्के आकसतं. गाभा आधी आकसला, कडा मागे राहिली. पायरोमीटरला फक्त पृष्ठभाग दिसतो. आत थर्मोकपल, म्हणजे तारांचा तापमापक, घालावं तर धातूच्या तारेमुळे ठिणग्या उडू शकतात. ‘भट्टीच बरी ना मॅडम?’ ते म्हणाले. अगदी सौम्यपणे म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

माझ्या प्रबंधात ऐटीत लिहिलंय की मायक्रोवेव्हमध्ये सिंटरिंग (सिरॅमिक भाजून घट्ट होणं) भट्टीपेक्षा कमी तापमानाला होतं, लहरींचा उष्णतेपलीकडचाही परिणाम असतो. प्रबंध लिहिणाऱ्या तेव्हाच्या त्या मुलीला विचारावंसं वाटतं, कमी कशावरून? वरवर मोजून? ती ऐकणार नाही. म्हणेल, सिरॅमिकच्या आतले दाणे तर बारीक आले ना? आले. पण ते लहरींमुळे की झटपट तापल्यामुळे? यावर संशोधकांचंही एकमत नाही, मी एकटी काय निकाल देणार?

तरी दातांच्या पातळ कॅपसाठी मी आजही मायक्रोवेव्हच सुचवेन. तिथे वेळ खरंच वाचतो. ते कारखानदार अधूनमधून फोन करतात, ‘जमलं का?’ पातळ चकत्या जमल्यात. जाडीचा विषय निघाला की मी त्यांच्या भट्टीच्या वीजबिलाबद्दल विचारते.