तिकडे राहतेस? बाप रे!

आमच्या भागाचं नाव काढलं की समोरच्याच्या भुवया आधी वर जातात, प्रश्न मागाहून येतो. "रात्री एकटी येतेस?" म्हणून हल्ली मी नाव सांगायचंच सोडलंय, इथेही सांगणार नाही. प्रत्येक मोठ्या शहरात असा एक भाग असतोच, आणि तो हमखास नदीच्या नाहीतर रुळांच्या "पलीकडे" असतो. कोणाच्या पलीकडे, हे कोणी विचारत नाही.

परवा धाकट्या दिरांनी घरच्या ग्रुपवर एक तक्ता टाकला. शहरातले भाग, दर लाख लोकसंख्येमागे गुन्हे. आम्ही वरून तिसरे, ते खालून दुसरे. "वहिनी, आता काय म्हणता?"

म्हटलं, भावजी, भागलंय कशाने ते बघा. आमच्याकडे स्टेशन आहे, घाऊक बाजार आहे, कोर्ट आहे. दिवसभर इथे जी गर्दी लोटते ती रात्री झोपायला आपापल्या घरी जाते. तिच्यातल्या कुणाचं पाकीट मारलं गेलं तर गुन्हा आमच्या खात्यात पडतो, आणि भागाकार मात्र फक्त इथे राहणाऱ्यांनी होतो. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरचा दर वर्षानुवर्षं वरच्या टोकाला असतो. राजवाडा, संसद, ऑक्सफर्ड स्ट्रीट तिथेच. रहिवासी जेमतेम दोन लाख, पाहुणे मोजता येणार नाहीत एवढे. शेजारच्या 'सिटी ऑफ लंडन'मध्ये 2021च्या जनगणनेत 8,600च्या आसपास लोक राहत होते आणि कामाला येणारे पाच लाखांहून जास्त. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कला स्वतःचं पोलीस ठाणं आहे. त्या हद्दीत राहतं जवळपास कोणीच नाही. काढा दर!

शहरांच्या गुन्हेदराच्या यादीतही हाच घोळ. अमेरिकेतलं सेंट लुईस शहर 1876च्या मतदानानंतर आपल्या काउंटीपासून, म्हणजे जिल्ह्यापासून, वेगळं झालं आणि त्याची हद्द तेव्हापासून तेवढीच राहिली. उपनगरं बाहेर. त्यामुळे छेदात सुमारे तीन लाख माणसं, महानगर मात्र पंचवीस लाखांच्या वर. हद्द ऐसपैस असलेली शहरं त्याच यादीत आपोआप सभ्य दिसतात.

आता अंशाचं, म्हणजे वरच्या गुन्ह्यांच्या आकड्याचं. माझा मोबाइल हिसकावला तेव्हा ठाण्यातल्या टेबलावरच्या माणसाने कागदावर 'गहाळ' लिहिलं. मी म्हटलं, गहाळ नाही, हातातून ओढून नेला. तो म्हणाला, मॅडम, फोन मिळाला तर दोन्हीत मिळेल. तासभर हटून बसले तेव्हा कुठे गुन्हा नोंदला. सगळे काही बसत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आपल्या वार्षिक अहवालात स्वतःच बजावतो की गुन्हे वाढणं वेगळं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं वेगळं. म्हणजे ज्या ठाण्यात तक्रार नीट घेतात, तो भाग कागदावर बदनाम! मी त्यातल्या त्यात दोनच आकड्यांवर विश्वास ठेवते: खून, कारण प्रेत लपवणं अवघड, आणि गाडीचोरी, कारण नोंद नसेल तर विमा मिळत नाही.

आणि खुनात आमचा भाग भावजींच्या भागापेक्षा वर आहेच. ते मी नाकारत नाही. "सगळी माध्यमांनी केलेली बदनामी" म्हणणारे आमच्या गल्लीतले काका मला तितकेच वैताग आणतात. ज्याचा मुलगा वार लागून दवाखान्यात पडलाय त्याला छेद शिकवायला जाऊ नये.

पण 'भाग' म्हणजे नेमकं काय, तिथे वाद अडतो. 1980च्या दशकात गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शर्मन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिनियापोलिसमधून पोलिसांना आलेले फोन पत्त्यांवर मांडून पाहिले, तर सुमारे तीन टक्के ठिकाणांवरून निम्मे फोन आलेले. उरलेले निम्मे बाकी सगळ्या शहरात विखुरलेले. आमच्याकडेही तसंच. फ्लायओव्हरखाली बंद कारखान्याची लांब भिंत आहे, तिथे फुटपाथ हातभर, एकही दुकान नाही, आणि पुढच्या वळणावर बाइकला तीन दिशांना पळता येतं. सोनसाखळ्या तिथे जातात. तिथे मी पर्स भिंतीच्या बाजूच्या खांद्यावर घेते आणि फोन आला तरी काढत नाही. तिथून दोनशे पावलांवर आमची गल्ली, जिथे रात्री उशिरापर्यंत म्हाताऱ्या दारात बसून कोण कधी आलं याचा हिशेब ठेवतात. दोन्हींचा पिनकोड एकच.

बायकांना तर हे नकाशे जास्तच फसवतात. 2023च्या संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार जगात खून झालेल्या बायका-मुलींपैकी साठ टक्क्यांना जोडीदाराने किंवा घरच्यांनीच मारलं. त्याची भीती घालायला कोणी भुवया वर करत नाही.

कीर्ती मात्र आकड्यांच्या फार मागे चालते. न्यूयॉर्कमध्ये 1990 साली 2,200हून जास्त खून झाले, 2017 साली तीनशेच्या आत. एवढं होऊनही लोकांच्या डोक्यातलं न्यूयॉर्क कित्येक वर्षं जुनंच राहिलं. चांगल्या नावाचंही तसंच. भावजींच्या सोसायटीत घरफोडी झाली की "बाहेरचे लोक" आणि आमच्याकडे झाली की "तो भागच तसा".

गंमत म्हणजे त्यांच्याच ऑफिसातला एक मुलगा आता आमच्याकडे भाड्याने घर बघतोय आणि चौकशीला भावजींनी माझाच नंबर दिलाय. मी त्याला तक्ता पाठवला नाही. म्हटलं, रविवारी दुपारी दलालाबरोबर येऊ नकोस. आठवड्यातल्या रात्री साडेदहाला स्टॉपवरून घरापर्यंत चालत ये. शटर कधी पडतात बघ, दिवे कुठे गेलेत बघ, जिन्याचा दरवाजा लागतो का बघ. आणि फ्लायओव्हरकडे तोंड असलेल्या इमारतीत घर स्वस्त मिळतं, ते घेऊ नकोस. मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एक घर रिकामं आहे.