मग तूच आण आणि तूच खपव

मागच्या गणपतीनंतरची गोष्ट. मुलुंड ईस्टला आमच्या घराजवळ एक छोटं वाचनालय आहे, तिथल्या मॅडमना मी सारखा टोचायचो की तुमच्याकडे विज्ञानकथा म्हणजे नारळीकर आणि भयकथा म्हणजे धारप, त्यानंतर कोणी काही लिहिलंच नाही का, स्वतःच्या खिशातून छापणारी कितीतरी पोरं आहेत, कॉमिक्सवाली आहेत. एक दिवस त्या वैतागून म्हणाल्या, मग तूच आण आणि तूच खपव. दाराजवळच्या रॅकचा एक खण रिकामा करून दिला, रविवारी 10 ते 1 बसायचं ठरलं. विकायचं नाही, नुसतं सुचवायचं. म्हटलं यात काय अवघड.

पुस्तकं जमवतानाच दम निघाला. असली पुस्तकं दुकानात ठेवतच नाहीत, नाव सांगितलं की नुसती मान हलवतात. काही किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर हाती लागली, काही लेखकांना थेट मेसेज टाकून, जीपे केलं की ते स्वतः पॅक करून कुरियर करतात, एकाने तर ठाणे स्टेशनला इंडिकेटरखाली उभं राहून पिशवी हातात दिली, कोणी बघितलं असतं तर काय समजलं असतं देव जाणे. कॉमिक्ससाठी राम मंदिर स्टेशनला उतरून गोरेगावच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सच्या जत्रेला गेलो. तिथे पुढे सगळी टी-शर्ट आणि खेळण्यांची झुंबड, खरा माल आर्टिस्ट अ‍ॅलीत, चित्रकार स्वतःच टेबल मांडून बसलेले असतात आणि तुम्ही एक प्रश्न विचारला की अर्धा तास सुटतात. इंग्लिश ढीगभर, हिंदी थोडं, मराठी शोधशोध शोधून 2. सगळी मिळून 22 पुस्तकं झाली, साडेपाच हजार गेले, घरी साडेतीन सांगितले.

पहिले तीन रविवार पार वाया. मी आपला उत्साहात, ही डिस्टोपिया आहे, ही अमुक धर्तीची आहे, आणि समोरचा माणूस हळूहळू दिवाळी अंकांकडे सरकतोय. एका काकांनी तर पुस्तक उलटसुलट करून विचारलं, हा लेखक कोण, कधी नाव नाही ऐकलं. तेव्हा मी त्यांना जगतापांची गोष्ट सांगितली. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी नारायण विनायक जगताप नावाने कथा पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, हस्ताक्षर कोणी ओळखू नये म्हणून बायकोकडून लिहून घेतली, आणि पहिलं बक्षीस मिळालं. म्हणजे नावाशिवाय वाचली तेव्हाही ती आवडलीच ना? काका हसले, पुस्तक घेऊन गेले. पण ही ट्रिक दोनदाच चालली, तिसऱ्या माणसाने सरळ सांगितलं, अहो पण ते नारळीकर होते.

मग मी बोलणं कमी केलं आणि एकच विचारायला लागलो, शेवटचं कुठलं पुस्तक रात्री जागून संपवलंत? यावर लोक खुलतात. एक रिटायर्ड शिक्षिका म्हणाल्या, मला ते अंतराळ-बिंतराळ नको, मी खुनाच्या गोष्टी वाचते. त्यांना एक बारीक नवलिका दिली, खून आहेच, फक्त लोकलमधला प्रत्येक प्रवासी तो वेगळ्या दिवशी झाला म्हणून सांगतो. विज्ञानकथा हा शब्द उच्चारलाच नाही. मंगळवारी परत. म्हणाल्या, गोष्ट छान पण शेवट पाडलाय, आणि हे बघ. पेन्सिलने पानापानावर ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले, मोजून 41 चुका! फोटो काढून लेखकाला पाठवले, तो दोन दिवस रुसला, तिसऱ्या दिवशी म्हणाला अजून फोटो पाठव, प्रिंट ऑन डिमांड आहे, मागणी येईल तशी प्रत छापतात, फाईल बदलतो. आता बाईंना त्याची पुढची गोष्ट छापायच्या आधीच वाचायला येते.

कॉमिक्समध्ये मात्र तोंडावर आपटलो. एका आजींनी नातवासाठी मागितलं, मी कव्हरवरचा गोंडस राक्षस बघून दिलं, स्वतः अर्धंच चाळलं होतं. संध्याकाळी आजी हजर, चौदाव्या पानावर मुंडकं उडवलंय की रे, पोरगं 8 वर्षांचं आहे. काय बोलणार. त्या दिवसापासून नियम, शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय द्यायचं नाही, आणि प्रत्येकाच्या आत एक कार्ड: कोणत्या वयाला चालेल, गोष्ट पूर्ण आहे की अर्धवट, आणि मला काय नाही आवडलं. ते शेवटचं मी भीतभीत लिहायला लागलो, पण गंमत म्हणजे लोक आधी तेच वाचतात. 'मधली 30 पानं रटाळ, बाइंडिंग सुटतं, तरी वाचा' हे कार्ड असलेलं पुस्तक सध्या सगळ्यात जास्त फिरतंय. ओळखीच्या लेखकाचं असेल तर तेही लिहितो, नाहीतर उगाच कोणाला तरी वाटायचं मी मित्राची जाहिरात करतोय.

कॉमिक म्हणजे पोरांचं, हे ऐकून ऐकून कान किटले होते, पण इंद्रजालवाले काका आले आणि मला धडा मिळाला. लहानपणी इंद्रजाल कॉमिक्सचे वेताळाचे (म्हणजे फँटमचे) अंक जमवायचे, 1964 ला सुरू झालेलं इंद्रजाल 1990 ला बंद पडलं तेव्हा म्हणे यांनी सुतक पाळलं. माझ्या खणातलं एक 48 पानांचं 350 रुपयांचं कॉमिक हातात घेऊन काका म्हणाले, लूट आहे. सांगितलं, काका, 300 प्रती छापतात, एका प्रतीला खर्च जास्त येतो, त्यात कागद, रंग, चित्रकाराचे सहा महिने. पटलं नाही. पण वाचनालयात फुकट आहे म्हणून नेलं, आणि पुढच्या रविवारी चित्राचा चौकोन कुठे मोठा केलाय, कुठे मुद्दाम रिकामा ठेवलाय हे मलाच बोट ठेवून समजावत बसले.

खरी डोकेदुखी एकच, 'भाग एक'. ही मंडळी पहिला भाग जीव तोडून काढतात आणि मग नोकरी लागते, लग्न होतं, पैसे संपतात. माझ्या 9 कॉमिक्सपैकी 4 अशीच लटकलेली. कार्डावर 'अर्धवट' लिहिलंय तरी नववीतला एक मुलगा दर रविवारी बरोबर 10 वाजता येतो, दादा, भाग दोन? शेवटी त्याच्यासमोरच चित्रकाराला मेसेज टाकला. उत्तर आलं, 23 पानं झालीत, बाकी दिवाळीनंतर.

पोराने मोबाईल वाचला आणि म्हणाला, कुठल्या दिवाळीनंतर ते विचारा ना.