लॅबमध्ये २५० डिग्री

परवा बेंचवरच्या सर्किट बोर्डाने रूमचं टेम्परेचर २५० डिग्री दाखवलं. आता पुण्याचा मे कितीही वाईट असला तरी हिंजवडीत एसी लावलेल्या लॅबमध्ये २५० म्हणजे जरा जास्तच झालं ना. दीड तास सेन्सरला शिव्या घातल्या, तो काढून दुसरा लावला, तरी २५०च. टीममधला नवा मुलगा चहाचा कप घेऊन मागे उभा होता, तो हळूच म्हणाला, "दादा, २५६ वजा ६ किती?"

तिथे ट्यूब पेटली. लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) फंक्शन गंडलं की एरर नंबर मायनस करून परत देतं, आणि ईएनएक्सआयओ (असं डिव्हाइसच नाही) या एररचा नंबर ६. सेन्सरची चिप आयटूसी बसवर (चिप्सना जोडणाऱ्या दोन तारा) उत्तरच देत नव्हती (रिबन केबल अर्धी बाहेर, ती पण मीच ओढलेली), बस ड्रायव्हरने इमानदारीत मायनस ६ दिलं आणि मी ते घेतलं कशात तर यू८ मध्ये (आठ बिट, फक्त ० ते २५५), कारण चिपमधलं रजिस्टर एका बाइटचं मग व्हेरिएबलही एका बाइटचं, असं डोकं चाललं. मायनस ६ चे खालचे आठ बिट म्हणजे २५०. बरं, पुढच्याच ओळीत शून्यापेक्षा कमी आहे का हा चेक होता हं! पण यू८ शून्याखाली जातच नाही, कंपायलरने तो गुपचूप उडवला. जीसीसीला (हाच तो कंपायलर) नुसतं वॉल (नेहमीच्या वॉर्निंगचा ऑप्शन) लावलं तर तो यावर चकार शब्द काढत नाही, टाइप-लिमिट्सची वॉर्निंग वेगळी चालू करावी लागते नाहीतर एक्स्ट्रा हा ऑप्शन.

बाइट वाचायचं ते फंक्शन एस३२ (मायनसही मावणारा ३२ बिटचा आकडा) देतं ते उगाच नाही, ० ते २५५ डेटा आणि खाली गेलं की एरर. आधी इंटमध्ये घ्या, तपासा, मगच यू८ मध्ये टाका.

अनसाइन्ड इंट (३२ बिटचा, पण मायनस न मावणारा) तर त्याहून बेरकी. त्यात मायनस २२ (हाही एक एररच) ठेवलं की ४२९४९६७२७४ होतं, पण फंक्शन इंट परत देत असेल तर बाहेर पडताना पुन्हा मायनस २२ होतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. तोच व्हेरिएबल ६४ बिटवर एसएसाइझ_टी (इथे ६४ बिटचा, मायनस मावणारा टाइप) देणाऱ्या रीड फंक्शनमधून बाहेर गेला की मात्र तो एरर राहतच नाही, चारशे कोटींवर बाइट वाचले म्हणून सांगतो.

कालपासून ग्रेप मारतोय (कोडमध्ये शब्द शोधायचं टूल), असेच अजून दोन बग सापडले. त्यातला एक माझा नाही हे गिट ब्लेममध्ये (कुठली ओळ कुणाची ते दाखवतं) बघून जरा बरं वाटलं.