टायपिंगच्या लयीवरून ओळख: लॉगिननंतरचा पहारा

महापे-ऐरोलीकडच्या बॅक-ऑफिसांत सकाळी एकदा पासवर्ड टाकला की मशीन शिफ्ट संपेपर्यंत पुन्हा विचारत नाही, खुर्चीवर कोण आहे ते. चहाला उठताना स्क्रीन लॉक करायची राहते. "तुझ्या लॉगिनवरून एवढी एक एंट्री मारतो" हे तर रोजचंच. नंतर चुकीची नोंद सापडली की लॉग त्याच माणसाकडे बोट दाखवतो, ज्याने ती केलेलीच नसते. टायपिंगच्या लयीवरून सतत ओळख पटवणं मला महत्त्वाचं वाटतं ते यासाठी.

मोजायचं असतं ते थोडंच. बटण दाबल्यापासून सोडेपर्यंतचा वेळ म्हणजे ड्वेल टाइम, आणि एक बटण सोडल्यापासून पुढचं दाबेपर्यंतचा फ्लाइट टाइम. सराईत हाताचा फ्लाइट टाइम बऱ्याचदा उणे येतो, कारण पहिलं बटण सुटण्याआधीच दुसरं दाबलेलं असतं. हे उणे आकडे चूक समजून गाळू नका. माणूस ओळखायला तेच फार उपयोगी पडतात. बटण दाबून धरल्यावर येणारे रिपीट इव्हेंट मात्र गाळा. एका सेकंदाहून मोठी थांबणीही सोडून द्या, तेव्हा बोटं थांबलेली असतात आणि डोकं चालू असतं.

मराठी टायपिंगला एक गोष्ट हमखास विसरली जाते: प्रोफाइल, म्हणजे लयीची साठवलेली नोंद, माणसागणिक एक नसतं, माणूस आणि कीबोर्ड लेआउट या जोडीमागे एक असतं. इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण लेआउटमध्ये, मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात. ‘का’ लिहिताना उजवं मधलं बोट क वर आणि लगेच डावं मधलं बोट कान्यावर पडतं. हात आलटून-पालटून चालतात, त्यामुळे एकावर एक चढलेली बटणं भरपूर मिळतात. ‘ठाणे’ लिहायला इन्स्क्रिप्टमध्ये दोनदा शिफ्ट लागते, ठ ला आणि ण ला. रोमन अक्षरांत thane लिहून शब्द निवडायच्या फोनेटिकमध्ये एकदाही नाही. रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या लेआउटवर, शिकलेल्याची बोटं आणखी निराळीच चालतात. या सगळ्यांची सरासरी एकत्र काढली तर ती कोणाचीच राहत नाही. नंबरपॅडचंही प्रोफाइल वेगळं ठेवा.

वेळ कुठे मोजता यालाही तितकंच महत्त्व आहे. विंडोजचं जुनं टिक काउंटर साधारण १५ मिलिसेकंदांच्या उड्या मारतं. दोन माणसांतला फरक अनेकदा तेवढाच असतो. म्हणून त्याहून कितीतरी बारीक मोजणारा परफॉर्मन्स काउंटर वापरा. साधा यूएसबी कीबोर्ड बहुधा ८ मिलिसेकंदांनी एकदा वाचला जातो, तेवढी चूक धरूनच चाला. रिमोट डेस्कटॉपवर काम चालत असेल तर मोजणी वापरणाऱ्याच्या मशीनवरच करा, सर्व्हरवर नाही. नेटवर्कमधून येताना बटणांमधलं अंतर बिघडतं आणि मग खरा माणूसही परका ठरतो.

नोंदणीसाठी तीन-चार दिवसांचं रोजचं काम घ्या, सकाळचं आणि थकलेल्या संध्याकाळचंही. एखादी अक्षरजोडी किमान पंधरा-वीस वेळा आली नसेल तर ती वापरू नका. तुलनेला सुरुवातीला साधी पद्धत पुरते: प्रत्येक जोडीची सरासरी आणि सरासरीपासूनचं नेहमीचं विचलन काढायचं, नवा आकडा त्या विचलनाच्या किती पट लांब गेला ते बघायचं. २००९ मध्ये कार्नेगी मेलनच्या किलोरी आणि मॅक्सियन यांनी ५१ जणांकडून एकच पासवर्ड प्रत्येकी ४०० वेळा टाइप करून घेतला आणि १४ पद्धती ताडून पाहिल्या. त्यात हीच मॅनहॅटन अंतराची पद्धत पुढे राहिली, तरी तिची समान-चूक (खऱ्याला नाकारणं आणि परक्याला स्वीकारणं या दोन्ही चुका सारख्या होतात तो दर) ९.६ टक्के होती.

खरी गोम पुढे आहे. टाइपनेट या न्यूरल नेटवर्कने ५० बटणांच्या तुकड्यावर ही चूक २.२ टक्क्यांपर्यंत आणली. ऐकायला छान वाटतं. पण तासाला ८,००० बटणं हा डेटा एंट्रीचा भरती परीक्षेत मागितला जाणारा वेग धरला, तर तासाला १६० तुकडे होतात आणि माणशी साडेतीन खोटे इशारे. शंभर खुर्च्यांच्या मजल्यावर तासाला साडेतीनशे. दुपारपर्यंत सुपरवायझर ती यंत्रणा बंद करून टाकेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

म्हणून एका तुकड्यावर कधीच निर्णय घेऊ नये. विश्वासाचा आकडा १०० वर सुरू करा. जुळणाऱ्या प्रत्येक बटणाला थोडा वाढवा, न जुळणाऱ्याला थोडा कमी करा, १०० च्या वर जाऊ देऊ नका. ठरलेल्या रेषेखाली गेला की स्क्रीन लॉक करून बोटाचा ठसा किंवा ओटीपी मागा. खरा माणूस पाच सेकंदांत कामाला लागतो, परक्याचा आकडा मात्र उतरतच जातो. रेषा प्रत्येकासाठी वेगळी ठेवा. काहींची लय मुळातच सैल असते. बोटाला पट्टी, नवा कीबोर्ड, रात्रपाळी यांनी आकडा उतरणारच. या यंत्रणेचा कौल कोणाच्या हजेरीला किंवा पगाराला जोडणं सरळसरळ अन्याय आहे.

प्रोफाइल काळानुसार बदलू द्या, पण ठशाने किंवा ओटीपीने ओळख पटल्यानंतरच्या डेटावरूनच. नाहीतर घुसलेला माणूस हळूहळू स्वतःलाच शिकवून ठेवतो.

आणि काय साठवता ते तपासा, कारण हे सॉफ्टवेअर एका पायरीवर कीलॉगरच, म्हणजे दाबलेलं प्रत्येक बटण टिपणारा हेरच, असतं. अँटिव्हायरस त्याला अडवतो ते उगाच नाही. पासवर्डच्या चौकटीत मोजणी बंद ठेवा, अक्षरांचा क्रम मेमरीतच पुसा, डिस्कवर फक्त जोड्यांच्या सरासऱ्या जाऊ द्या. नुसते वेळही निरुपद्रवी नसतात: २००१ मध्येच साँग, वॅग्नर आणि तियान यांनी दाखवलं होतं की एसएसएच या दूरच्या मशीनशी जोडणाऱ्या सांकेतिक दुव्यावरून जाणाऱ्या बटणांमधल्या अंतरांवरून पासवर्डचा अंदाज बांधणं सोपं होतं.

एक भोक मात्र या पद्धतीने बुजत नाही: नुसता माउस फिरवणारा घुसखोर. ग्राहकांची यादी उघडायला, फाइल कॉपी करायला टायपिंग लागतच नाही. तेव्हा अशा स्क्रीनवर जाण्याआधीच्या काही मिनिटांत पुरेशी बटणं दाबली गेली नसतील, तर आकडा कितीही असो, ठसा मागावा.